मला वाटतं आणि मी-थिंक्स: इंग्रजीने हरवलेल्या 'ला'ची गोष्ट

बसमध्ये हेडफोन सापडत नाही म्हणून जे भाग वाचूनच काढतात, त्यांच्यासाठी हा नेहमीचा लेखी उतारा. बोलताना जे 'अं... म्हणजे...' झालं ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण विचारतील, की इतिहासाच्या पॉडकास्टवर इंग्रजी ग्रामर कशाला? थांबा थोडं. आज तह नाही, लढाई नाही, पण कोर्ट आहे, तुरुंग आहे, एक राजा आहे आणि आपल्या नाशिकचे तात्यासाहेब शिरवाडकरही आहेत. सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे एक साधं क्रियापद. वाटणे.

आधी तीन वाक्यं ऐका. नाशिक असो, हिंजवडी असो की बंगळुरू, कुठल्याही आयटी टीमच्या चॅटमध्ये आठवड्यातून एकदा तरी ही दिसतातच.

आय फील द सर्व्हर इज डाऊन.
इट इज सीमिंग लाइक डेटाबेस इश्यू.
रोहन लुक्स लाइक टायर्ड.

आता हीच वाक्यं मराठीत करून बघा. मला वाटतं सर्व्हर बंद आहे. डेटाबेसचा घोळ वाटतोय. रोहन दमल्यासारखा दिसतोय. तिन्ही एकदम खणखणीत मराठी! इंग्रजीत मात्र तिन्ही थोडी थोडी वाकडी झाली आहेत. कोणी म्हणेल, आपलं इंग्रजी कच्चं. मला हे कारण पटत नाही. ज्याला चार प्रोग्रॅमिंग भाषांचा सिंटॅक्स पाठ आहे, त्याला 'सीमिंग' म्हणायचं नाही एवढं लक्षात ठेवता येत नाही, असं कसं होईल? अडचण दुसरीकडे आहे, आणि ती जवळपास हजार वर्षं जुनी आहे.

शाळेतलं व्याकरण आठवा. कर्ता कसा शोधायचा? क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण?' विचारायचं. राम आंबा खातो. खाणारा कोण? राम. झालं. आता 'मला आंबा आवडतो' घ्या. आवडणारा कोण? आंबा! मी नाही. क्रियापदही आंब्याचंच ऐकतं. मला आंबे आवडतात, मला चिंच आवडते. माझ्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. 'मला तो हुशार वाटतो, मला ती हुशार वाटते' इथंही तेच. वाटण्याची क्रिया माझ्या डोक्यात चाललीय, पण वाक्यात मी मालक नाही, मी फक्त पत्ता आहे. पार्सल माझ्याकडे आलंय, 'ला' लावून.

या 'ला'वाल्या माणसाला काय म्हणायचं, यावर मराठी व्याकरणकारांचे खूप काळ मतभेद चालले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. पुढच्या अभ्यासकांनीही या वाक्यांवर डोकं खाजवलंय. आजचे भाषाशास्त्रज्ञ सरळ म्हणतात, की हा 'अनुभव घेणारा' आहे. करणारा नाही, त्याच्यावर अनुभव येऊन आदळतो. मला भूक लागते, मला राग येतो, मला थंडी वाजते. थंडी वाजवायला मी काही करत नाही, बरोबर ना?

आणि हे फक्त आपलंच नाही. हिंदीत मुझे लगता है, गुजरातीत मने लागे छे, कन्नडमध्ये ननगे अनिसुत्तदे. कन्नड तर संस्कृतच्या घराण्यातलीच नाही, तरी साचा तोच. कॉलिन मॅसिका नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली एक पुस्तक लिहून दाखवलं, की दक्षिण आशियातल्या वेगवेगळ्या घराण्यांतल्या भाषा शेजारी राहून राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत. त्याच्या पुराव्यांमध्ये हा 'ला'वाला माणूस एक आहे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात राहणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग आपण मान्य करून टाकतो, की बरं, हा भारतीय विचार आहे आणि इंग्रजांचा विचार वेगळा. ते म्हणतात 'आय थिंक', आपण म्हणतो 'मला वाटतं'. ते कर्तृत्ववान, आपण नशिबावर हवाला ठेवणारे. असले फॉरवर्ड तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेही असतील. इथेच इतिहास या फॉरवर्डची हवा काढतो.

कारण इंग्रजीतही 'मला वाटतं' होतं. अगदी आपल्यासारखं, 'ला'सकट!

शेक्सपिअर कुणी चाळला असेल तर त्यात 'मी-थिंक्स' हा शब्द दिसला असेल. बहुतेकांना वाटतं, की हे 'आय थिंक'चं जुनाट, नटवं रूप आहे. पण नीट बघा. 'आय' नाही, 'मी' आहे, म्हणजे इंग्रजीतला 'मी', आपला 'मला'. आणि 'थिंक' नाही, 'थिंक्स' आहे. शेवटचा 'स' तृतीय पुरुषाचा. म्हणजे क्रियापद बोलणाऱ्याचं ऐकतच नाहीये! जसं आपलं 'वाटतं' आपलं ऐकत नाही, तसंच. मी-थिंक्स म्हणजे शब्दशः 'मला वाटतं'.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एक होतं थेंचन, म्हणजे विचार करणे. दुसरं थ्युंचन, म्हणजे वाटणे, भासणे. पहिल्याचा कर्ता विचार करणारा माणूस. दुसऱ्यात माणूस चतुर्थीत, म्हणजे 'ला' लावून. दोघांचे उच्चार इतके जवळचे, की पुढे काही शतकांत दोन्ही एकमेकांत मिसळली आणि एकच 'थिंक' उरलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन फंक्शनना जवळपास एकच नाव दिलं होतं, मर्ज करताना एकाने दुसऱ्याला ओव्हरराइट केलं. जर्मनमध्ये ही जोडी अजून वेगळी आहे, डेंकेन आणि ड्युंकेन, जरी दुसरं आता म्हातारं झालंय. आणि 'मीर शाइंट', म्हणजे 'मला भासतं', जर्मन माणूस आजही म्हणतो. म्हणजे युरोपातही 'ला'वाला माणूस जिवंत आहे. कर्तृत्ववान जर्मनांचं काय करायचं मग त्या फॉरवर्डमध्ये?

'आवडणे'चीही तीच गोष्ट. आजचं 'लाइक' हे जुन्या इंग्रजीत 'आवडणे' होतं, गोष्ट माणसाला आवडायची. इंग्रज 'मला आवडतं'च म्हणत होते. 'इफ यू प्लीज' हे आजही आपण म्हणतो, त्याच्या पोटात 'तुम्हाला रुचत असेल तर' आहे. म्हणजे त्यातला 'यू' मुळात 'तुम्ही' नाही, 'तुम्हाला' आहे!

मग हे सगळं गेलं कुठे? एक प्रयोग करू. 'राजाला आंबे आवडले' हे वाक्य घ्या. आता यातला 'ला' काढून टाका. 'राजा आंबे आवडले.' अजून कळतंय, कारण 'आवडले' अनेकवचनी आहे, म्हणजे ते आंब्यांचं आहे. आता क्रियापदाचं एकवचन-अनेकवचनही पुसून टाका. 'राजा आंबे आवड.' आता कोण कोणाला आवडलं? समोरचा माणूस सोपा मार्ग घेणार, की जो आधी आला तो कर्ता.

इंग्रजीचं नेमकं हेच झालं. शब्दांचे प्रत्यय आधीच झिजत होते. उत्तरेतून आलेल्या नॉर्स लोकांशी रोजचा व्यवहार, मग १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली, त्या उलथापालथीत प्रत्ययांची पडझड चालूच राहिली. पुढच्या चारेकशे वर्षांत विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ संपले आणि शब्दांचा क्रमच व्याकरण झाला. क्रियापदाच्या आधी जो, तो मालक. मग 'ला'वाला माणूस एक तर बढती मिळून 'आय' झाला, 'आय लाइक, आय थिंक', नाही तर वाक्याच्या शेपटीला गेला, 'इट सीम्स टू मी'. शेवटचं 'टू मी' बघा. तोच आपला 'मला', फक्त दारातून उचलून मागच्या अंगणात बसवलेला. मी-थिंक्स तेवढा जुन्या नाटकांत गोठून राहिला, कारण सर्वनामांत 'आय' आणि 'मी'चा फरक टिकला होता.

जागा रिकामी झाली की भाडेकरू येतात. 'सीम' हे नॉर्सकडून आलं, तिथं त्याचा अर्थ शोभणे, साजणे असा होता. 'अपिअर' फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलं, मूळ अर्थ दृष्टीस पडणे. गंमत म्हणजे आपलं 'दिसणे' हेही संस्कृतच्या 'दृश्यते'पासून, प्राकृतातून घासत घासत आलंय. दृश्यते म्हणजे 'पाहिलं जातं'. म्हणजे मुळात ते कर्मणि आहे! 'मला डोंगर दिसतो' असं म्हणताना आपण दोनेक हजार वर्षांपूर्वीचा कर्मणि प्रयोग करत असतो. पांडवलेण्यात सातवाहन काळातले प्राकृत शिलालेख आहेत ना, ते प्राकृत आणि आपली मराठी यांच्यातला प्रवास असाच झालाय. पुढच्या वेळी सेल्फी काढून झाला की लेखांकडेही बघा.

तर आता खरी अडचण समोर आली. मराठीत एकच 'वाटतं' आहे. मला वाटतं तो येईल, मला वाईट वाटतं, मला भीती वाटते, काम अवघड वाटतं. इंग्रजीने 'ला' हरवल्यावर त्याच कामाचे तुकडे केले. पहिल्याला 'आय थिंक', दुसऱ्याला 'आय फील', तिसऱ्याला 'आय अ‍ॅम अफ्रेड', चौथ्याला 'सीम्स'. प्रत्येक वेळी निवड करावी लागते, की हे माझं मत आहे, माझी भावना आहे, की समोरच्या गोष्टीचं रूप तसं आहे? मराठीत ही निवड करावीच लागत नाही, म्हणून इंग्रजीत करताना हात अडखळतो.

'आय फील द सर्व्हर इज डाऊन' वाचून परदेशातला मॅनेजर म्हणूनच जरा गोंधळतो. सर्व्हर बंद आहे की नाही ही काही भावना नाही, पिंग करून बघ की बाबा!

पण मराठीवर अन्याय नको. आपल्याकडे वेगळी निवड आहे, आणि ती इंग्रजीपेक्षा बारीक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिककरांना हे पावसाळ्यात कळतं. गोदेला पाणी वाढलं की सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी कुठपर्यंत आलंय? गुडघे, कंबर, छाती? आता तीन वाक्यं ऐका.

गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं दिसतंय.
गंगापूर धरणातून पाणी सोडलंय असं वाटतंय.
गंगापूर धरणातून पाणी सोडलंय म्हणे.

तिघांनीही धरण पाहिलेलं नाही. पण पहिल्याने मारुती पाहिलाय, त्याच्याकडे पुरावा आहे. दुसऱ्याचा अंदाज आहे, आकाश बघून असेल, नाही तर सवयीने. तिसऱ्याला कोणी तरी सांगितलंय, आणि त्याने जबाबदारी त्या कोणा तरीवर टाकून दिली आहे. हे तीन दर्जे मराठी पोराला कोणी शिकवत नाही, ते आपोआप येतात.

इंग्रजीत हे असं बसवता येतं. पहिलं, 'दे सीम टू हॅव रिलीज्ड वॉटर' किंवा 'इट लुक्स अ‍ॅज इफ दे हॅव रिलीज्ड वॉटर'. दुसरं, साधं 'आय थिंक दे हॅव रिलीज्ड वॉटर'. तिसऱ्याला बरेच जण अडतात, 'इट इज टोल्ड दॅट' वगैरे करतात. त्याला चपखल शब्द आहे 'अपेरंटली'. अपिअरचंच पोर, पण आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ जवळजवळ आपला 'म्हणे' झालाय. 'अपेरंटली दे हॅव रिलीज्ड वॉटर.' हा एक शब्द आजच्या भागातून घरी नेलात तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, दिसतंय काय, वाटतंय काय आणि आहे काय, एवढ्याने काय फरक पडतो? एका प्रकरणात केवढा पडला ते सांगतो.

१८८१ सालच्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. केसरीचे संपादक गोपाळ गणेश आगरकर, मराठाचे लोकमान्य टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, म्हणजे आपल्याच वयाचे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतोय, त्यांना मुद्दाम वेडं ठरवलं जातंय, अशी तेव्हा सगळीकडे चर्चा होती. संशय दिवाण माधवराव बर्व्यांवर. बर्व्यांनीच लिहिली आहेत असं सांगितली जाणारी काही पत्रं बाहेर आली. दोन्ही पत्रांनी त्यांच्यावर विसंबून झोड उठवली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली.

आगरकर-टिळकांनी माफी मागितली. तरी १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात. २६ ऑक्टोबरला सुटले. एकूण १०१ दिवस. आगरकरांनी त्यावर पुढे एक छोटं पुस्तकही लिहिलं, त्याच्या नावातच हा आकडा आहे.

इथे घाईने असं म्हणू नका, की 'असं दिसतं' एवढं जोडलं असतं तर सुटले असते. कायदा इतका भोळा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या स्पष्टीकरणातच म्हटलं होतं, की उपरोधाने किंवा 'हे तरी नाही तर ते तरी' अशा रूपात केलेला आरोपही अब्रुनुकसानी होऊ शकतो. आज वेबसाइटवर बातमीच्या शेवटी 'असे बोलले जात आहे' चिकटवून मोकळे होणाऱ्यांनी हे वाचावं. आणि हेही खरं, की मूळ संशय सगळा हवेतला नव्हता. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला अटकेत असतानाच महाराजांचा मृत्यू झाला, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर. लोकांना जे वाटत होतं त्यात काही तरी होतं. पण हातात जे होतं ते फक्त वाटण्यापुरतं होतं, आणि छापलं गेलं ते 'आहे' म्हणून. मारुती न बघताच धरणाची बातमी दिली गेली.

आता पुढचा भाग मला फार आवडतो. तुरुंगात बसून आगरकरांनी काय करावं? शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतलं. १८८३ साली ते 'विकारविलसित' नावाने प्रसिद्ध झालं. पुढे गणपतराव जोशींनी हॅम्लेट रंगवला तेव्हा त्याचा गाजावाजा महाराष्ट्रभर झाला.

हॅम्लेट म्हणजे काय? काका दिसतो सज्जन, आहे खुनी. मुलगा दिसतो वेडा, आहे शहाणा, किंवा नाही, हे अजून ठरलेलं नाही. आणि नाटकाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. बाप जाऊन थोडेच दिवस झालेत, आई समजावते, की मरण तर सगळ्यांनाच आहे, मग तुलाच ते एवढं वेगळं का भासतंय? बोलताना ती 'सीम' हा शब्द वापरते. मुलगा त्या एका शब्दावर तुटून पडतो. त्याचं म्हणणं असं, की हे काळे कपडे, हे उसासे, हे अश्रू, याला 'सीम' म्हण, कारण हे कोणीही वठवू शकतं. माझ्या आत जे आहे ते सीम नाही.

हा प्रसंग मराठीत करायला बसा म्हणजे कळेल. आपल्याकडे एका 'सीम'ला तीन शब्द. 'तुला वाटतं' म्हटलं तर गोष्ट मुलाच्या मनात गेली. 'तुझ्याकडे बघून असं दिसतं' म्हटलं तर बघणाऱ्याच्या डोळ्यात गेली. 'भासतं' म्हटलं तर त्यात खोटेपणाचा वास आला, कारण मराठीत भास म्हणजे नसलेलं असणं. आईला पहिलं म्हणायचंय बहुधा. मुलाने ऐकलं तिसरं. इंग्रजीतल्या एकाच शब्दात दोन्ही मावतात, म्हणून भांडण उभं राहतं. मराठीत आईने कोणताही एक शब्द निवडला की निम्मं भांडण संपतं! अनुवादकाचं दुखणं हेच. बनावट पत्रांपायी आत गेलेला पंचविशीतला संपादक कोठडीत बसून दिसणं आणि असणं यांच्या नाटकाशी झटतोय, हे चित्र मला आपल्या एकोणिसाव्या शतकातलं सगळ्यात जबरदस्त चित्र वाटतं. शाळेच्या पुस्तकात आगरकर म्हणजे चार ओळी आणि 'सुधारक' हे उत्तर. असो.

तिथून नाशिकला येऊ. तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं मराठीत आणली. मॅकबेथवरून 'राजमुकुट', आणि 'ऑथेल्लो'. 'नटसम्राट' १९७० सालचं, त्यात किंग लिअरची छाया लोक शोधतात, पण ते नाटक त्यांचं स्वतःचं.

ऑथेल्लो मारुतीच्या हिशोबाने बघा. इयागो कधीच थेट सांगत नाही, की तुझी बायको तुला फसवतेय. तो आधी 'म्हणे'च्या पातळीवर कुजबुजतो. मग 'मला आपलं वाटतं' म्हणून गप्प बसतो, म्हणजे समोरच्याने खोदून विचारावं. मग तो दाखवतो. ऑथेल्लोला लपवून उभं करतो आणि कॅसिओशी भलत्याच बाईविषयी बोलतो. कॅसिओ हसतो. ऑथेल्लोला ते दिसतं, पण शब्द ऐकू येत नाहीत. आपल्या बायकोबद्दलच हसतोय, असं त्याला वाटतं. मग रुमाल दिसतो. म्हणेपासून वाटतं, वाटतंपासून दिसतं, आणि दिसतंपासून 'आहे'. एकेक पायरी चढवत इयागो त्याला वर नेतो आणि तिथून ढकलून देतो. आवाज बंद करून व्हिडिओ फॉरवर्ड करण्याचा धंदा किती जुना आहे बघा.

मघाची तीन वाक्यं तशीच लोंबकळत ठेवून चालणार नाही, त्यामुळे ती दुरुस्त करू.

'रोहन लुक्स लाइक टायर्ड' मधला 'लाइक' कुठून आला? आपल्या 'दमल्यासारखा' मधल्या 'सारखा'मधून. मराठीत 'दमल्यासारखा दिसतो' आणि 'वडिलांसारखा दिसतो' दोन्हीकडे सारखा. इंग्रजीत विशेषणाला 'लाइक' लागत नाही, नामाला लागतो. रोहन लुक्स टायर्ड. रोहन लुक्स लाइक हिज फादर. आणि पूर्ण वाक्य मागे येणार असेल तर चालतो, इट लुक्स लाइक रोहन इज टायर्ड. जाता जाता, या क्रियापदांमागे क्रियाविशेषण लावायचं नाही. 'द कोड लुक्स बॅडली' नाही, 'द कोड लुक्स बॅड'. बॅड हे कोडचं वर्णन आहे, बघण्याचं नाही.

'इट इज सीमिंग' कुठून आलं? 'वाटतोय, दिसतोय' मधून. आपण चालू काळ बिनधास्त वापरतो, कारण आत्ता या क्षणी वाटतंय. इंग्रजीत 'सीम'ला चालू काळ साधारणपणे चालत नाही, ते क्रिया नाही, स्थिती समजतात. म्हणून 'इट सीम्स लाइक अ डेटाबेस इश्यू', किंवा 'इट सीम्स टू बी अ डेटाबेस इश्यू'. 'लुक'ला मात्र सूट आहे, 'यू आर लुकिंग टायर्ड' चालतं. आणि 'अपिअर'ला 'इंग' लावलंत तर अर्थच बदलतो, तो माणूस रंगमंचावर किंवा कोर्टात हजर होतोय असं होतं. आपण परीक्षेला 'अपिअर' होतो तेही याच हजेरीच्या अर्थाने. चार वर्षं बीटेकला किती तरी जण नुसतेच अपिअर होत असतात, त्यांना हा शब्द फार शोभतो.

'आय फील'चं काय? सर्व्हर खरंच बंद आहे का हे तुम्ही तपासलं असेल तर 'द सर्व्हर इज डाऊन'. लॉगमध्ये खुणा दिसल्या पण खात्री नसेल तर 'द सर्व्हर अपिअर्स टू बी डाऊन' किंवा 'सीम्स'. अपिअर जरा कडक इस्त्रीचं आहे, रिपोर्टमध्ये शोभतं, सीम घरगुती. नुसता तर्क असेल तर 'आय थिंक'. टीममधल्या कोणी सांगितलं असेल तर 'अपेरंटली'. आणि फील? ते रात्री अडीच वाजता कॉल आल्यावर जे वाटतं त्यासाठी राखून ठेवा.

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत. 'मला नाही वाटत तो येईल.' यात नकार कशाला आहे? येण्याला. पण चिकटवला वाटण्याला. इंग्रजीतही 'आय डोन्ट थिंक रोहन विल कम'. 'तो आलेला दिसत नाही', 'रोहन डझन्ट सीम टू हॅव कम'. इथे मराठीतून जसंच्या तसं उचलून ठेवा, बिनधास्त.

पुढच्या भागात याच 'ला'वाल्या माणसाचं दुसरं क्रियापद घेऊ, लागणे. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, नोकरी लागते, आणि घरी उशिरा गेलं की बोलणीही खावी लागतात. तुमच्या भागात 'लागणे'चा काही खास वापर असेल, खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात, तर कमेंटमध्ये लिहा. दोन-चार चांगले आले तर रेकॉर्डिंगमध्ये घेतो.